दोन हजारानं काय होते!

'दोन हजारानं काय होते!' हे वाक्य जगात ज्यानं पहिल्यांदा उच्चारलं, तो दुकानदार असला पाहिजे. कारण दोन हजारांनी काय काय होतं याची यादी गिऱ्हाइकाला तोंडपाठ असते. पण गंमत अशी, की हल्ली हे वाक्य दुकानदारापेक्षा गिऱ्हाइकाचे हितचिंतकच जास्त म्हणतात. दुकानदार बिचारा माल विकून मोकळा होतो. हितचिंतक स्वतःचा एक पैसा घालत नाही, आणि थांबतही नाही. माझं भांडण आहे ते या हितचिंतकांशी. निमित्त कॉम्प्युटरचं आहे, आणि तोही गेम खेळायच्या कॉम्प्युटरचं.

'गेम' हा शब्द वाचून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, त्यांना एवढंच विचारतो : रोजच्या अप-डाऊनमध्ये मांडीवर रुमाल पसरून रमीचे डाव कोण मांडतं? एखाद्या पोरानं परीक्षा आटोपल्यावर दोन तास पडद्यावर मोटार पळवली तर देश बुडत नाही. आम्हीसुद्धा कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर डेव्ह नावाच्या एका लाल टोपीवाल्या बुटक्याला उड्या मारायला लावत असू, आणि सर आले की घाईघाईनं ताळेबंद उघडत असू. पुढे बँकेत लागलो, म्हणजे फार बिघडलो नाही. असो. हा मुद्दा संपला.

खरा मुद्दा पैशाचा. माझ्या बहिणीनं आपल्या मुलाला बारावीनंतर कॉम्प्युटर घेऊन द्यायचं कबूल केलं होतं. रिसोड तालुक्यातली कोरडवाहू शेती, त्यात सोयाबीन. त्यामुळे निकाल लागला मे महिन्यात, आणि कॉम्प्युटरचा विषय निघाला सोयाबीन विकल्यावर, गेल्या हिवाळ्यात. रक्कम साठ हजार. यादी करायची जबाबदारी मामाकडे, कारण मामा बँकेत आहे. बँकेतल्या माणसाला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, अशी वाशीम जिल्ह्यात एक प्रेमळ समजूत आहे. वास्तविक आमचा कॉम्प्युटरशी संबंध पासबुक छापताना कागद अडकतो तेवढाच. पण एक गोष्ट आम्हाला नक्की कळते. साठ हजार म्हणजे साठ हजार.

ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. मी पाहिलंय, भल्याभल्यांना ती कळत नाही.

पाटणी चौकाच्या आसपासच्या एका दुकानात आम्ही गेलो. ज्या गावाला वाकाटकांनी राजधानी केलं, त्या आमच्या वत्सगुल्मात ग्राफिक्स कार्ड मिळतं, पण मागवून. "उद्या अकोल्याहून येते" अशा बोलीवर. दुकानदारानं यादी पाहिली, मान डोलावली आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "साहेब, याच्यावरचा प्रोसेसर घ्या नं. दोन हजारानं काय होते?" दुसऱ्या ओळीवर बोर्ड. तोही वरचा, तेही दोन हजार. यादीत वस्तू आठ : प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट आणि मॉनिटर. आठ दुणे सोळा. साठ हजारांचे शहात्तर हजार होतात, आणि कुणीही कुणाला लुबाडलेलं नसतं! प्रत्येक जण फक्त दोन हजारांपुरताच दोषी.

आता हे दोन हजार म्हणजे काय ते बहिणीच्या भाषेत सांगतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा सरकारी हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. तो पदरात पडला असं क्षणभर धरलं (धरायला काय जातं!), तरी दोन हजार म्हणजे साडेसदतीस किलो सोयाबीन. सोळा हजार म्हणजे तीन क्विंटल. पेरा, निंदा, फवारा, पावसाकडे बघा, काढा, मळा आणि पोत्यात भरा, तेव्हा कुठे दुकानदाराचं बोट यादीवरून वरून खाली फिरतं.

या 'दोन हजार' पंथाचं तर्कशास्त्र मोठं लबाड आहे. प्रत्येक वेळी तुलना होते ती लगेच खालच्या पायरीशी. घरातून निघताना खिशात असलेल्या रकमेशी कधीच नाही. या पायरीवरून वरची पायरी खरोखरच दोन हजारांवर असते. तिथं पोचलात की तिथून वरची पायरीही दोन हजारांवरच. असं करत माणूस गच्चीवर पोचतो आणि मग त्याच्या लक्षात येतं, की आपण तळमजल्याच्या भाड्यात आलो होतो.

यावर उपाय आमच्या वाणिज्य शाखेत शेकडो वर्षांपासून आहे. त्याला द्विनोंदी पद्धत म्हणतात. एकीकडे नावे टाकलं की दुसरीकडे जमा दाखवायलाच हवं. म्हणून "दोन हजार वाढवा" असं कुणी म्हणालं की मी पेन पुढे करतो आणि विचारतो, "वाढवतो. कुठल्या ओळीतून काढू?" एवढं विचारलं की निम्मे हितचिंतक चहा घ्यायला निघून जातात. उरलेल्या निम्म्यांशी मात्र बोलण्यासारखं असतं, कारण साठ हजारांच्या आत पैसे इकडून तिकडे हलवणं हा खरोखर विचार करण्याचा विषय आहे.

आणि तो विचार शेवटून सुरू करावा लागतो, म्हणजे मॉनिटरपासून. पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतील तर एका चित्राचे होतात २०,७३,६००. सेकंदाला साठ चित्रं हवीत, म्हणजे सुमारे साडेबारा कोटी ठिपके एका सेकंदात रंगवायचे. हे रंगकाम करतं ग्राफिक्स कार्ड. ज्याला 'फोर-के' म्हणतात तो पडदा घेतला तर ठिपके बरोबर चौपट. म्हणजे मॉनिटरवर दाखवलेली हौस कार्डाला चौपट काम लावते, आणि ते काम झेपणारं कार्ड साठ हजारांत बसत नाही. म्हणून साधा पडदा, आणि सगळ्यात मोठा वाटा कार्डाला. माझं मत विचाराल तर एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्शाच्या खाली कार्ड उतरवू नये. भाच्यानं ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेलं रेडिऑन आरएक्स ६६०० निवडलं होतं, आठ जीबीचं. "चार-साडेचार वर्षं जुनं मॉडेल?" असं म्हणून नाक मुरडणारे भेटले. त्यांच्या घरचा मिक्सर कोणत्या सालातला आहे ते मला ठाऊक आहे.

बी.कॉम.ला घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम शिकवत. पहिली पुरी अमृत, आठवी पुरी शिक्षा. सेकंदाला तीस चित्रांवरून साठवर गेलं की आंधळ्यालाही फरक दिसतो. साठावरून नव्वदवर गेलं की ज्यानं पैसे भरले त्याला दिसतो.

दुसरा पंथ 'पुढचा विचार' करणाऱ्यांचा. पुण्याच्या आमच्या एका मावसभावानं फोनवर ऐकवलं, "अरे, फ्युचर-प्रूफ घे. पाच वर्षं बघायला नको." ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. तिला वाढत्या अंगाचा सदरा म्हणतात. आमच्या पिढीनं सगळं बालपण त्या सदऱ्यात काढलं. पहिली दोन वर्षं बाह्या गुडघ्यापर्यंत, आणि सदरा अंगाला बरोबर बसायला लागतो तेव्हा कोपराला ठिगळ. पण त्या सदऱ्याला निदान एक आधार होता : पोरगं खरंच वाढत असे. कॉम्प्युटर वाढत नाही. वाढतात ते खेळ, आणि ते किती वाढतील हे त्यांच्या कर्त्यांनाही सांगता येत नाही. त्यापेक्षा ज्याच्यावर पुढे दुसरं काही बसवता येईल असा सदरा घ्यावा. एएमडीच्या एएम-४ या बैठकीचं उदाहरण घ्या. २०१७ साली घेतलेल्या त्या जातीच्या कित्येक बोर्डांवर, आतली बायोस नवी केली की, २०२२ साली आलेला रायझन ५ ५६०० बसतो. पुढचा विचार तो हाच. आज पैसे ओतून ठेवणं हा विचार नव्हे, ती मुदतठेव आहे, आणि तीही शून्य व्याजाची.

व्याजावरून आठवलं. बहिणीला एकानं सुचवलं, "ताई, बिनव्याजी हप्त्यानं घ्या नं, वरचे सोळा हजार कळणारबी नाहीत." इथं मात्र मी बँकेचा माणूस म्हणून टेबलावर मूठ आपटली. शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं, हे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना लेखी बजावलं. आता क्रेडिट कार्डावरची ही योजना चालते ती अशी : व्याज लागतंच, तेवढी सूट विक्रेता आधी किमतीत देतो, म्हणून बेरीज जुळल्यासारखी दिसते. पण त्या व्याजावरचा अठरा टक्के जीएसटी तुमच्या माथी, वर अनेकदा प्रक्रिया शुल्क, आणि रोख घेतलं असतं तर मागता आली असती ती सूट गेली ती गेलीच. ज्या घरात पीककर्जाचं नवंजुनं करायला दर वर्षी खेपा घालाव्या लागतात, त्या घराला 'कळणारबी नाही' म्हणणारा माणूस एक तर फार भोळा असतो, नाहीतर फार हुशार.

आता रॅम. या यादीत आम्हाला खरोखर कुणी मारलं असेल तर रॅमनं, आणि त्यात ना दुकानदाराचा दोष ना अकोल्याचा. कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठमोठी केंद्रं उभी राहायला लागली, त्यांना मेमरी हवी, आणि २०२५ च्या अखेरीला भाव असे चढले, की मायक्रॉन कंपनीनं डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशल' हा घरगुती गिऱ्हाइकांचा आपला धंदाच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. तिकडे अमेरिकेत यंत्राला अक्कल यावी म्हणून इकडे रिसोड तालुक्यातल्या पोरानं जादा पैसे मोजायचे! तरीही मी सोळा जीबीवरून खाली उतरलो नाही. एकच सोळाची पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घेतल्या, कारण दोन पट्ट्यांना प्रोसेसरकडे जायला दोन रस्ते मिळतात. काउंटर दोन उघडले की रांग लवकर सरकते, हे मला कुणी शिकवायला नको. पैसे काढले ते कॅबिनेटमधून. काचेचं, आतून रंगीबेरंगी पंखे फिरणारं कॅबिनेट दुकानदारानं दाखवलं. लग्नात वाजंत्रीपुढे चालणाऱ्या दिव्यांसारखं ते दिसत होतं. मी पत्र्याचं, समोरून जाळीचं घेतलं. वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो तिथं यंत्राला वारा लागतो, रोषणाई नाही.

आणि एसएमपीएस. इथं मी स्वतःच दुकानदाराला म्हणालो, "हा नको, चांगला दाखवा." तो चकितच झाला. कॅबिनेटसोबत फुकट येणारा, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका, आणि अंगावर मोठ्या अक्षरात '५०० वॅट' लिहिलेला डबा त्यानं काढला होता. आमच्याकडे वीज जाते तेव्हा नुसती जात नाही. जाताना एकदा डोळा मारते आणि येताना लाथ मारते. ती लाथ पहिल्यांदा खातो एसएमपीएस. तो मेला तर एकटा मरत नाही, कधी कधी बोर्डालाही सोबत नेतो. उलट साडेसातशे वॅटचा धोंडाही नको. कार्डाला १३२ वॅट, प्रोसेसरला ६५, बाकीचं धरून सगळा संसार तीनशेच्या आत चालतो. नामांकित कंपनीचा, '८० प्लस'चा शिक्का असलेला साडेचारशे-पाचशेचा पुरतो. तो शिक्का वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतो, टिकाऊपणाची हमी देत नाही. म्हणून वॉरंटी किती वर्षांची ते वेगळं विचारावं. यूपीएस घेताना '६०० व्हीए' म्हणजे ६०० वॅट समजू नये. साधारण ३६० वॅटच मिळतात. हे सगळं दिसत नाही, चमकत नाही, पाहुण्यांना दाखवता येत नाही. म्हणूनच इथं "दोन हजार वाढवा" असं एकही हितचिंतक कधी म्हणाला नाही!

जुना माल घ्यावा का, असंही विचारतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी नाण्याचं कार्डांवरचं खाणकाम बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं स्वस्तात बाजारात आली. त्यांतली काही उत्तम चालली, काही महिन्याभरात गेली. जुनं घ्यायचं तर डोळ्यांसमोर तासभर खेळून बघावं आणि पंख्याचा आवाज ऐकावा. बिल नसेल तर मी बैलसुद्धा घेणार नाही. एक अक्षरही नीट वाचावं. ५६०० आणि ५६००जी यांत फरक 'जी'चा आहे, पण 'जी' नसला तर कार्डावाचून पडदा काळा.

शेवटी दुकानदारानं कोटेशन छापलं. जीएसटी धरून ५९,६००. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा यादीकडे, आणि या वेळी बोट कुठेच न ठेवता म्हणाला, "साहेब, तुम्ही लोनबी असंच पास करता का हो?" बहिणीनं पदराच्या गाठीतून नोटा काढून दोनदा मोजल्या. उरलेले चारशे परत गाठीत गेले.

भाचा एवढा वेळ गप्प होता. बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, "मामा, त्या चारशेत आतले लाइट नाही येणार का?"

म्हटलं, माळ्यावर दिवाळीची माळ पडलीय, ती घेऊन जा.