डोंगरवाटेची सायकल आणि मालाची पारख

चाटी गल्लीत कापडाच्या पेढीवर वाढलेल्या माणसाला मालाची पारख वेगळी शिकवावी लागत नाही. ठाणाचा पदर त्याने बोटांत चुरगळला, उजेडासमोर धरला, एक धागा ओढून पाहिला, की सूत किती आणि खळ किती हे त्याला उमगते. सोलापुरी चादर घेतानाही तो वीण, वजन आणि रंगाचा पक्केपणा पाहतो. वेष्टनावरील चित्राला भुलत नाही. मात्र हाच माणूस मुलासाठी डोंगरवाटेची सायकल घ्यायला जातो, तेव्हा रंग, गिअरची संख्या आणि किंमत एवढ्यावरच बहुधा व्यवहार उरकतो. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली पारख तो दुकानाच्या उंबरठ्याबाहेर ठेवून येतो.

पहाटे सायकलवर बाहेर पडणारी तरुण मंडळी आता सोलापुरातही दिसतात. कोणी हिप्परगा तलावापर्यंत जातो, कोणी सुमारे ४५ किलोमीटर दूर, बालाघाटाच्या रांगेवर वसलेल्या तुळजापूरचा घाट चढतो, तर कोणी डांबरी सडक सोडून मुरमाच्या गाडीवाटेला लागतो. सोलापुरात सह्याद्रीची शिखरे नाहीत हे खरे; परंतु पावसाळ्यातील चिकट काळी माती, बाभळीचे काटे आणि चाळीस अंशांवर जाणारे वैशाखातील ऊन असे तीन कठोर परीक्षक येथे आहेत. जो माल या तिघांपुढे टिकतो, तोच येथे उपयोगाचा.

या सायकलीचा जन्मही अशाच परीक्षेतून झाला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन परगण्यात १९७० च्या दशकात काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरातील मातीच्या वाटेने वेगाने खाली उतरत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे शर्यत झाली आणि तिला ‘रीपॅक’ असे नाव पडले. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. उतारावर तो इतका तापे की आतील ग्रीस जळून जाई आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून ते पुन्हा भरावे लागे. हे पुन्हा भरणे म्हणजेच ‘रीपॅक’. डोंगराने जे भाग मोडले ते त्या तरुणांनी टाकले, जे टिकले ते ठेवले. पुढे १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी सायकल घडवली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. आधी डोंगराची कसोटी आली, कंपन्यांची नावे नंतर आली. खरेदी करतानाही हाच क्रम ध्यानात ठेवणे हिताचे असते.

पहिली तपासणी फ्रेमची. खिशातील लहानसा लोहचुंबक येथे उपयोगी पडतो. तो पोलादाला चिकटतो, ॲल्युमिनियमला चिकटत नाही. दोहोंपैकी कोणताही धातू हलका दर्जाचा नाही. दोघांचे स्वभाव निराळे आहेत. पोलाद जड असते आणि गंजते, पण मोडण्यापूर्वी सहसा वाकून इशारा देते आणि चांगला कारागीर ते जोडूही शकतो. ॲल्युमिनियम हलके असते, त्याला तसा गंज चढत नाही. मात्र वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी ते आतून थकते आणि जोडाजवळ केसाएवढी चीर पडते. अशी चीर कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून बुजवून घेणे धोक्याचे आहे, कारण कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून दिलेले बळ त्या आचेने नाहीसे होते.

दुसरी तपासणी पुढच्या चिमट्याची. पुढचा ब्रेक दाबून हँडलवर भार द्यावा आणि सोडावा. चिमटा झटक्यासरशी उसळून वर आला, तर आत केवळ स्प्रिंग आहे, तिला आवर घालणारी व्यवस्था नाही, असे समजावे. खडबडीत उतारावर असा चिमटा चाक जमिनीला धरून ठेवण्याऐवजी उडवतो. पुढे-मागे दोन्हीकडे शॉक ॲब्सॉर्बर लावलेली स्वस्त सायकल दिसायला भारदस्त असते. पण तिचे वजन वाढते आणि सांधे लवकर खिळखिळे होतात. रक्कम मर्यादित असेल, तर साधा ताठ चिमटा आणि उत्तम ब्रेक हाच शहाणपणाचा सौदा.

ब्रेकच्या बाबतीत एक प्रश्न दुकानदाराला आवर्जून विचारला पाहिजे: याचे पॅड सोलापुरात मिळतात का? डिस्क ब्रेकच्या पॅडचे आकार अनेक आहेत, आणि तेलावर चालणाऱ्या ब्रेकचे तेलही एकच नसते. काहींना खनिज तेल लागते, काहींना डॉट प्रकारचे. एकाच्या जागी दुसरे भरले, तर आतील रबरी सील खराब होतात आणि ब्रेक ऐन उतारावर दगा देतो. डिस्कची किमान जाडी पुष्कळदा तिच्यावरच कोरलेली असते. नवी १.८ मिलिमीटरची डिस्क झिजून १.५ वर आली की ती बदलायची. सुटा भाग ज्याला मिळत नाही, तो माल कितीही भक्कम असला तरी एक दिवस अडगळीत जातो, हे व्यापाऱ्याला निराळे सांगण्याची गरज नाही.

साखळीची परीक्षा तर पेढीवरच्या फूटपट्टीने होते. सायकलच्या साखळीत एका पिनेच्या मध्यापासून दुसऱ्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर बरोबर अर्धा इंच असते. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवला, तर नव्या साखळीत बारा इंचांची खूण पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यावर येते. ती पिन इंचाचा सोळावा भाग पुढे सरकलेली दिसली की साखळी बदलावी. आठवा भाग सरकली असेल, तर तिने मागच्या गिअरचे दातेही खाल्ले असण्याचा संभव असतो, आणि मग स्वस्त साखळीबरोबर महाग गिअरचक्रही बदलावे लागते. साखळी ताणली गेली असे लोक म्हणतात. वस्तुतः तिच्या पिनांचे सांधे झिजलेले असतात. सोलापुरी धूळ तेलात मिसळली की तिचा घासणारा लेप बनतो. म्हणून आधी फडक्याने साखळी पुसावी, मगच तेल द्यावे, आणि वरचे जादा तेल पुन्हा पुसून घ्यावे.

टायर घेताना भिंतीवरील आकडे वाचावेत. ५७-५८४ असे लिहिले असेल, तर ५७ ही मिलिमीटरमधील रुंदी आणि ५८४ हा रिमवर टायर जेथे बसते तेथील व्यास. बाजारात ज्याला साडेसत्तावीस इंची म्हणतात तो हाच. सव्वीस इंचीसाठी तो ५५९ आणि एकोणतीस इंचीसाठी ६२२ असतो. इंचांच्या बोलीत घोटाळा होतो, या आकड्यांत होत नाही. टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये बोटभर मोकळी जागाही हवी, नाहीतर ओली काळी माती तेथे थापली जाऊन चाकच फिरेनासे होते.

जैन घरात आणखी एक विचार येतो तो चामड्याचा. जुन्या धाटणीच्या काही सीट आजही चामड्याच्याच असतात आणि काही हातमोज्यांच्या तळव्याला चामडे लावलेले असते. आता कृत्रिम कापडाचे चांगले पर्याय सहज मिळतात. मात्र नुसत्या स्पर्शावर विसंबू नये. आतील पट्टीवर कशापासून बनवले हे छापलेले असते, ते वाचून घ्यावे. हातमोज्याचा टिकाऊपणा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधील शिवणीत पाहावा. तेथे दुहेरी टाका नसेल, तर बाकीचा मोजा शाबूत असतानाच ती जागा उसवते.

बाजारातील एक रीत विशेष सावधपणे पाहावी लागते. मागच्या गिअरवर नामांकित कंपनीचे नाव झळकते आणि त्या एका नावावर सबंध सायकल विकली जाते. हब, पॅडल, हँडल मात्र भलतीकडचे असतात. काही वेळा तर ते नावही नकली असते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या वजनमापाबरोबर प्रतिरूपक व्यवहाराचाही, म्हणजे अस्सल म्हणून नकली माल खपवण्याचाही समावेश आहे. विकणाऱ्याने तो टाळावा हे धर्माने सांगितले. घेणाऱ्याने पक्के बिल मागावे हे व्यवहाराने सांगितले.

किमतीचा हिशोब मग सोपा होतो. समजा, पंधरा हजारांची सायकल पाचशे किलोमीटर चालून कुरकुरू लागली आणि जिन्याखाली गेली. तिचा किलोमीटरमागे खर्च तीस रुपये पडला. चाळीस हजारांची चार हजार किलोमीटर चालली, तर तो दहा रुपये पडला. पण मुलगा महिन्यातून एकदाच तलावापर्यंत जाणार असेल, तर महाग सायकलही तोट्याचीच. अशा वेळी आधी भाड्याची किंवा मित्राची सायकल दोन-तीन महिने चालवू द्यावी आणि मग खरेदीचा आकडा ठरवावा.

येथवरची सारी पारख टिकाऊपणाची झाली. एक वस्तू मात्र या मापाने मोजायची नसते, आणि काटकसरी घरांत नेमकी तेथेच चूक होते. थोरल्या चुलतभावाचे हेल्मेट खुंटीला टांगलेले असते. एकदा घाटात तो पडला होता, पण वरचे कवच तेवढे खरचटले आहे. “अजून चांगले आहे, फेकायचे कशाला?” असे म्हणून आजोबा ते धाकट्याच्या हाती देतात. हेतू निर्मळ असतो, वस्तू जपण्याचा संस्कारही उत्तम असतो. तरीही हे देणे जोखमीचे आहे.

हेल्मेटच्या आत पांढऱ्या फोमचा थर असतो. डोके आपटते तेव्हा तो थर चेपतो, फुटतो आणि आघाताचे बळ स्वतःत जिरवतो. एकदा चेपलेला फोम पूर्ववत होत नाही, आणि ते बाहेरून पुष्कळदा दिसतही नाही. म्हणून मोठा आघात सोसलेले हेल्मेट, दिसायला नवे असले तरी, संपलेले समजावे. पडझड झाली नसली तरी ते पाच ते दहा वर्षांत बदलावे, असा अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा सल्ला आहे. खरेदीच्या वेळी आतील पट्टीवर ईएन १०७८ हे युरोपीय किंवा सीपीएससी हे अमेरिकी मानक आहे का, ते पाहावे. आयएस ४१५१ हे भारतीय मानक मोटारसायकलस्वारांच्या हेल्मेटसाठी आहे. हेल्मेट डोक्यावर हलत असेल, तर मानक असूनही उपयोग नाही. हनुवटीखालचा पट्टा लावून मान हलवली तरी ते जागचे सरकता कामा नये. वैशाखात बंद मोटारीत ते ठेवून देणेही टाळावे.

चादर टिकते म्हणून तिचे मोल. हेल्मेटचे मोल असे की ते एकदाच, योग्य क्षणी मोडते. वहीत खरेदीची नोंद होते, त्याच दिवशी हेल्मेटच्या आतल्या पट्टीवरही पक्क्या शाईने तारीख लिहून ठेवावी. घाटात पडलेले हेल्मेट खुंटीवर परत न टांगता त्याचा पट्टा कापून टाकावा, म्हणजे काटकसरीच्या भरात कोणी ते उचलून धाकट्याच्या डोक्यावर ठेवणार नाही.