कान वाजतात का, तिला विचारा

कापसाचा हंगाम सुरू झाला की मानवत-सेलूकडच्या जिनिंगमध्ये यंत्रांची घरघर दिवसभर चालते. तिथे माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात. त्या गोंगाटात एखाद्या बाईला मुकादमाचा शब्द न् शब्द कळतो. तीच बाई संध्याकाळी घरी येते, ओसरीवर सगळं निवांत असतं, आणि सासूची हाक तिला ऐकू जात नाही. मग घरात बोलणं सुरू होतं, ‘हिला नको ते बरोबर ऐकू येतं, कामाचं तेवढं ऐकू येत नाही.’

हे वाक्य मीही ऐकलेलं आहे. मी शाळेत शिकवायचे. मधल्या सुट्टीच्या गलक्यात सहकारी काय म्हणतात ते मला कळे, पण घरातलं हळू आवाजातलं बोलणं निसटून जाई. त्यात मी स्वतः फार हळू बोलते. त्यामुळे नवी सून तोऱ्यात असते, असंही झालं. तरुणपणी बाईच्या कानाला काही होऊ शकतं हे कुणाच्या मनातच नव्हतं. कान म्हातारपणी जातात, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

माझ्या कानांच्या आजाराला ओटोस्क्लेरोसिस म्हणतात. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही कानातली तीन हाडं आपण शाळेत शिकतो. त्यातली रिकीब शरीरातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचं. आवाज आला की ती हलते आणि तो थरार आतल्या कानाकडे पोचवते. या आजारात तिच्या बुडाशी नको तसं हाड वाढतं, रिकीब जखडून बसते आणि आवाज दारातच अडतो. आजार बहुतेक वेळा विशी ते चाळिशीत सुरू होतो, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो, पुष्कळदा दोन्ही कानांना होतो आणि अनेक घरांत पिढीजात चालत येतो.

गोंगाटात बरं ऐकू येण्याचं कोडंही यातच सुटतं. भोवतीचा गोंगाट अशा कानापर्यंत निम्मासुद्धा पोचत नाही, पण त्या गोंगाटावर मात करायला समोरचा माणूस आवाज चढवून बोलतो, तो पोचतो. आपला स्वतःचा आवाज तर कवटीच्या हाडांतून थेट आत येतो, मोठा वाटतो, म्हणून आपण हळू बोलतो. इंग्लंडमधले वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ सालच्या ग्रंथात अशाच एका बाईची नोंद केली आहे. जवळ ढोल वाजत असला तरच तिला बोलणं ऐकू येई. तिच्या नवऱ्याने ढोल वाजवायला नोकर ठेवला होता. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने बायकोवर ढोंगाचा आळ घेतला नाही, तिच्या ऐकण्याची सोय केली, हे मला फार मोलाचं वाटतं.

ऐकू कमी येणं निदान चारचौघांच्या लक्षात तरी येतं. त्याच्या सोबतीने येणारा आवाज मात्र फक्त आपल्यालाच ऐकू येतो. डॉक्टर त्याला टिनिटस म्हणतात, आपल्याकडे ‘कान वाजतो’ म्हणतात. कुणाच्या कानात रातकिडे ओरडतात, कुणाच्या शिट्टी वाजते. माझ्या कानात खालच्या पट्टीतला घुंकार असतो. सुरुवातीला रात्री उठून मी विचारत असे, ‘कुणाची मोटार चालू राहिली का हो?’ मोटार कुणाचीच चालू नसे.

बाहेरून येणारा आवाज कमी झाला की मेंदू ऐकण्याची आपली धार वाढवतो, आणि त्या वाढवलेल्या धारेत त्याची स्वतःचीच हालचाल आवाज होऊन उमटते, असं आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० माणसांना आवाज न पोचणाऱ्या खोलीत बसवलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आले. म्हणजे हा आवाज वेडाचा नाही आणि बाहेरच्या बाधेचाही नाही. निरोगी माणसाला असा आवाज मिळवायला बंद खोलीत बसावं लागतं. जखडलेल्या रिकिबीने ती खोली आमच्या कानात कायमची बांधली आहे.

म्हणूनच ‘जरा शांत पडून राहा, बरं वाटेल’ हा मायेने दिलेला सल्ला आमच्या कामाचा नाही. शांततेत हा आवाज वर येतो. उन्हाळ्यात पंख्याच्या आवाजाने रात्र सुसह्य होते, पण भारनियमनात पंखा थांबला की घुंकार डोक्यात भरून राहतो. थंडीत पंखा लावता येत नाही. तेव्हा मी उशाशी आकाशवाणी परभणी अगदी बारीक लावून ठेवते आणि सभा संपली की मोबाइलवर पावसाचा आवाज लावते. बाहेरचा आवाज घुंकाराहून थोडा खालचाच ठेवायचा. घुंकार बुडवायचा नसतो. मेंदूला त्याची सवय होऊ द्यायची असते, त्याकडे लक्ष देण्यासारखं काही नाही हे त्याला हळूहळू पटू द्यायचं असतं. श्रवणयंत्राचाही इथे दुहेरी उपयोग होतो. बोलणं कळतं आणि जगाचे साधे आवाज पुन्हा आत आले की कानातला आवाज मागे सरतो. जिनिंगसारखा मोठा गोंगाट मात्र औषध समजू नये. तो आतल्या कानाला इजा करतो.

आमच्याकडे यावर पहिला उपाय म्हणजे कोमट तेल. पण दुखणं पडद्याच्या पलीकडे आहे, तेल तिथे पोचतच नाही. अनेकींना ऐकू कमी येत असल्याचं बाळंतपणानंतर जाणवतं. गर्भारपणाने हा आजार वाढतो की नाही, यावर संशोधकांचं एकमत नाही. गावात मात्र निकाल लागलेला असतो, ‘बाळंतपणात कान बांधले नाहीस, वारं शिरलं.’ म्हणजे दुखणंही तिचं आणि दोषही तिचाच. हे थांबलं पाहिजे. कान बांधल्याने रिकीब मोकळी राहत नाही आणि न बांधल्याने ती जखडत नाही.

निदान अवघड नाही. डॉक्टर ट्यूनिंग फोर्क वाजवून आधी कानासमोर धरतात, मग कानामागच्या हाडावर टेकवतात. हाडावर जास्त ऐकू आलं तर आवाजाची वाट अलीकडेच अडली आहे, असं समजतं. पुढे ऑडिओमेट्रीत चित्र स्पष्ट होतं. शस्त्रक्रियेची आजची वाट १९५६ साली अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये जॉन शे यांनी जखडलेली रिकीब काढून तिच्या जागी कृत्रिम रिकीब बसवली तेव्हा खुली झाली. आता बहुधा रिकिबीच्या बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात टेफ्लॉनची छोटी दांडी बसवतात. बहुतेकांचं ऐकणं सुधारतं आणि पुष्कळांचा कानातला आवाजही कमी होतो, पण सगळ्यांचा नाही. शंभरात एखाद्याचा तो कान कायमचा जाऊ शकतो, हेही आधी विचारून घ्यावं. माझ्या एका कानाची शस्त्रक्रिया झाली. ऐकणं परत आलं, घुंकार उतरला पण गेला नाही. दुसऱ्या कानाला मी यंत्र लावते. हा आवाज पुरता घालवणारी गोळी आज नाही. तशी हमी देणाऱ्या जाहिरातीवर पैसे घालवू नका.

एकाच कानात नव्याने आवाज सुरू झाला, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजू लागला, चक्कर आली किंवा ऐकणं एकाएकी गेलं, तर दिवस न घालवता डॉक्टरांना गाठा. आणि आवाजाने जीव नकोसा झाला तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर बोला. समुपदेशनाने आवाजाचा त्रास कमी होतो हे अभ्यासांतून दिसलं आहे. मन कमजोर आहे म्हणून ते घ्यायचं नसतं.

संगीतकार बीथोव्हेनने १८०१ साली आपल्या डॉक्टर मित्राला कळवलं होतं की कान रात्रंदिवस वाजतात आणि लोकांना सांगता येत नाही म्हणून तो माणसांत जाणं टाळतो. त्याचा आजार ओटोस्क्लेरोसिस असावा, असा एक तर्क आहे, सिद्ध झालेला नाही. पण ते लपवणं मला ओळखीचं आहे. परभणीपासून पालमपर्यंत किती सुना असं लपवत असतील!

कायद्यातही आमची जागा अडचणीची आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांचं ऐकणं ६० डेसिबल कमी झालं की माणूस अल्पश्रवण ठरतो. आतला कान शाबूत असेल तर रिकिबीच्या आजारातली घट साधारण ६० च्या आसपास येऊनच थांबते. म्हणजे निम्म्याहून जास्त बोलणं निसटतं तरी प्रमाणपत्र हुकतं. कानातला आवाज तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्याची नोंद व्हायला हवी, ही माझी मागणी आहे.

तपासणी-उपचाराची दारं मात्र आहेत. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेड आणि अंबाजोगाईतही आहे. मुंबईतल्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्थेचं विभागीय केंद्र सिकंदराबादला आहे आणि देवगिरी एक्स्प्रेस परभणी स्टेशनवरून थेट तिथे जाते. कमी पडतं ते विचारणं. बाळंतिणीला भेटायला आशाताई घरोघरी जातात. बाळाचं वजन आणि बाईचा ताप विचारताना त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारावेत, ‘कान वाजतात का? हळू बोललेलं ऐकू येतं का?’ उत्तर ‘हो’ आणि ‘नाही’ असं आलं, तर घरच्यांनी तिला टोमणे न मारता तपासणीला न्यावं. नवऱ्याने सोबत जावं आणि डॉक्टर काय सांगतात ते तिच्या समोर बसून, तोंड दिसेल असं, तिला पुन्हा सांगावं.