शामोनी : बर्फ ओसरला, प्रश्न उघडे पडले
– खास प्रतिनिधी

जुलै २०२० मध्ये फ्रान्समधील बोसाँ हिमनदीच्या परिसरात उपाहारगृह चालविणाऱ्या एका गृहस्थाला वितळत्या बर्फात भारतीय वृत्तपत्रांचे काही अंक सापडले. कागद भिजलेला होता, पण अक्षरे वाचता येत होती. अंक जानेवारी १९६६ चे होते आणि पहिल्या पानावर इंदिरा गांधी यांच्या पंतप्रधानपदी निवडीची बातमी होती. त्यांच्या शपथविधीच्याच दिवशी, २४ जानेवारीला, मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. डॉ. होमी भाभा त्यांच्यापैकी एक होते. त्याआधी ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचेच ‘मलबार प्रिन्सेस’ याच पर्वतावर कोसळून ४८ जणांचा अंत झाला होता.

बर्फाने त्यानंतर बरेच काही परत केले आहे. २०१२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाच्या टपालाची थैली सापडली व ती पॅरिसमधील भारतीय वकिलातीकडे सोपविण्यात आली. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू, नीलम व माणकांनी भरलेली छोटी पेटी मिळाली. ती त्याने प्रामाणिकपणे पोलिसांच्या हवाली केली. मूळ मालकाच्या वारसांचा शोध लागला नाही. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये ही रत्ने तो गिर्यारोहक आणि शामोनी नगरपालिका यांच्यात निम्मी-निम्मी वाटली गेली. नगरपालिकेने आपला वाटा गावातील स्फटिक संग्रहालयात मांडला.

शामोनीला अशा परताव्याचे नवल नाही. १८२० मध्ये माँ ब्लाँच्या चढाईत तीन वाटाडे हिमदरीत गाडले गेले. हिमनदीचा वेग मोजून, त्यांचे अवशेष सुमारे ४० वर्षांनी खाली येतील असे अनुमान स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्ज यांनी बांधले होते. १८६१ मध्ये ते बोसाँच्या खालच्या टोकाशी खरोखरच बाहेर आले. त्या अपघाताने हादरलेल्या गावाने १८२१ मध्ये वाटाड्यांची संघटना उभी केली. ‘कंपनी दे गीद’ ही संघटना दोनशे वर्षांनंतरही कार्यरत असून शामोनीत तिला आजही मान आहे.

फ्रान्स, इटली व स्वित्झर्लंड यांच्या सीमा जिथे जवळ येतात, तिथे आर्व्ह नदीच्या अरुंद खोऱ्यात हे गाव वसले आहे. गावाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३५ मीटर आहे, तर डोक्यावरचे माँ ब्लाँ ४,८०० मीटरहून उंच आहे. म्हणजे गावाच्या चौकातून मान वर केली की पावणेचार हजार मीटरची भिंत दिसते. लोकवस्ती नऊ हजारांच्या आसपास. एवढ्याशा गावाचे नाव जगाच्या नकाशावर गेले ते केवळ त्या भिंतीमुळे.

अर्थात, तेथील लोकांना या पर्वताचे कौतुक पूर्वीपासून होते असे मुळीच नाही. सतराव्या शतकात थंडी वाढली, हिमनद्या पुढे सरकल्या आणि शेते व घरे गिळू लागल्या. १६४४ मध्ये शार्ल द साल या बिशपने सुमारे ३०० ग्रामस्थांची मिरवणूक बर्फाच्या तोंडाशी नेली व बर्फाने मागे हटावे म्हणून प्रार्थना केली. पुढे शंभरच वर्षांत, १७४१ मध्ये, विंडहॅम व पोकॉक हे दोन इंग्रज मुद्दाम तोच बर्फ पाहायला आले. ‘मेर द ग्लास’ म्हणजे ‘बर्फाचा समुद्र’ हे नाव त्यांच्या वर्णनातून रूढ झाले. गावावरचे संकट गावाचे भांडवल बनले.

पुढचा क्रम सर्वज्ञात आहे. ८ ऑगस्ट १७८६ रोजी जाक बाल्मा व डॉ. मिशेल-गाब्रिएल पाकार यांनी माँ ब्लाँचा माथा गाठला. सार्डिनियाच्या राजाच्या अमलाखालील हा साव्हॉय प्रांत १८६० मध्ये फ्रान्समध्ये आला. १९२४ मध्ये पहिले हिवाळी ऑलिंपिक याच गावी भरले, १९५५ मध्ये ‘एग्वी द्यु मिदी’ची ३,८४२ मीटरपर्यंत जाणारी रोपवाहिनी सुरू झाली आणि १९६५ मध्ये इटलीला जोडणारा माँ ब्लाँ बोगदा खुला झाला. त्याच बोगद्यातील १९९९ च्या आगीत ३९ बळी गेले, याचा विसर खोऱ्याला पडलेला नाही.

ज्या बर्फावर हे सारे उभे राहिले, तो आता आटत आहे. १९८८ मध्ये माँतँव्हेरच्या रोपवाहिनीतून उतरल्यावर मेर द ग्लासपर्यंत पोहोचायला तीन पायऱ्या पुरत असत. पुढे दरवर्षी पायऱ्या वाढवाव्या लागल्या व त्यांची संख्या पाचशेच्या पलीकडे गेली. २०२४ मध्ये हिमनदीच्या वरच्या अंगाला नवी रोपवाहिनी सुरू झाली. तापमानवाढ रोखली गेली नाही, तर या शतकाच्या अखेरीपर्यंत ही हिमनदी नाहीशी होऊ शकते, असे फ्रेंच संशोधकांचे अनुमान आहे. मागे हटणाऱ्या बर्फाच्या पाठोपाठ यंत्रे वर नेणे हा उपाय नव्हे, फार तर मुदतवाढ आहे. शिवाय केवळ बर्फच नव्हे, तर त्याने सांधून धरलेले कडेही सुटत आहेत. जून २००५ मध्ये ‘द्रू’ शिखराचा प्रसिद्ध बोनाती स्तंभ ढासळला. जुलै २०२२ मध्ये दरडींच्या भीतीने वाटाड्यांनी माँ ब्लाँच्या नेहमीच्या वाटेवरील चढाई काही काळ थांबविली. चढाई थांबली की रोजगारही थांबतो, हे जाणूनही त्यांनी तो निर्णय घेतला.

तरीही शामोनीच्या रहिवाशाला विचारले, तर तो बर्फाआधी घराचा विषय काढण्याची शक्यता अधिक. गावातील दर दहा घरांपैकी सुमारे सात घरे ‘दुसरी घरे’ आहेत. पॅरिस, जिनिव्हा किंवा लंडनमधील मालक वर्षातून काही आठवडे तिथे येतात. उरलेल्यांतील बरीच घरे पर्यटकांना अल्प मुदतीने भाड्याने दिली जातात. परिणामी शिक्षक, परिचारिका, हॉटेलांतील कामगार, एवढेच नव्हे तर तरुण वाटाडेही खोऱ्याच्या खालच्या गावांतून ये-जा करतात. पर्वताचे आकर्षण विकून गाव श्रीमंत झाले आणि त्याच श्रीमंतीने गावकऱ्यांना परवडेनासे झाले. महाबळेश्वर वा लोणावळ्यातील बंद बंगल्यांच्या रांगा पाहिलेल्यांना हे चित्र अपरिचित वाटू नये.

यावर फ्रेंच संसदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा करून नगरपालिकांना अधिकार दिले. ते वापरणाऱ्या पहिल्या गावांत शामोनी होते. मार्च २०२५ मध्ये नगर परिषदेने नवी दुसरी घरे बांधण्यास मनाई केली. यापुढे नव्या घरात मालकाने वा भाडेकरूने कायम राहिले पाहिजे. निर्णय धाडसी आहे, कारण जमिनीचे भाव पडण्याची भीती असलेले मतदारही याच गावात राहतात. पण त्याची मर्यादाही उघड आहे. बंदी यापुढच्या बांधकामांना आहे. आधीच उभ्या असलेल्या घरांना ती लागू नाही, आणि गावातील बहुतेक घरे आधीच उभी आहेत.