वादी ओढणाऱ्याले विचारा

हातानं खरादलेलं लाकूड बोलतं, मशीनवरचं मुकं असतं. शहरातल्या एका प्रदर्शनात लाखेचा भवरा हातात घेऊन एक पांढरपेशा गृहस्थ डोळे मिटून सांगत होता. मले हसू आलं. बाप्पा, तू कधी वादी ओढली काय?

मी ओढली. धारणीत, पोट्टा होतो तेव्हा. दोन खिळ्यांच्या मधात सागाचा तुकडा, त्याले वादीचे वेढे, वादीची दोन्ही टोकं माझ्या हातात. डावं ओढ, उजवं ओढ. समोर खरादी पटाशी लावून बसलेला. तुकडा त्याच्याकडं फिरला की पटाशी चाले. उलटा फिरला की पटाशी मागं. म्हणजे माझी अर्धी ओढ फुकट! संध्याकाळी बाजेचे खूर तयार झाले की लोक म्हणत, खरादीचा हात सोन्याचा. माझ्या हाताले नावच नव्हतं. चहा मिळे फुटक्या कपात, तोही बाहेर. अन् ती वादी कुठून आली? मेलेलं ढोर आमच्याच लोकांनी ओढलं, कातडं आमच्याच भावांनी कमावलं. वादीले विटाळ नव्हता. ओढणाऱ्याले होता.

म्हणून हातकामाच्या आरत्या आमच्यापुढं ओवाळू नका. गांधीवादाचा समाचार घेताना बाबासाहेबांनी १९४५ सालीच मांडून ठेवलं आहे : माणसाला जनावराच्या जिण्यातून सोडवायचं तर यंत्र पाहिजे, फुरसत पाहिजे. दोष यंत्राचा नाही, समाजरचनेचा आहे.

पण मशीनवाल्यांनीही टाळ्या पिटू नयेत. माझा पुतण्या आयटीआयतून टर्नर झाला. आता घर सोडून दूर, फर्निचरच्या एका कारखान्यात, ठेकेदाराच्या हाताखाली सीएनसी लेथवर उभा राहतो. काम काय? तुकडा अडकव, दार लाव, बटन दाब, तुकडा काढ. पटाशी कुठं किती सरकायची ते आकड्यांत लिहिलेलं. लिहिणारा दुसरा. पुतण्याले तो प्रोग्राम उघडायचीही परवानगी नाही. म्हणतो, "काका, मी बी वादीच ओढून राह्यलो."

हे आपोआप झालेलं नाही. आकड्यांवर चालणारं यंत्र १९५२ साली अमेरिकेत एमआयटीनं दाखवलं. त्याच्या आधीच दुसरी वाटही निघाली होती. कसबी कामगाराच्या हाताची चाल टेपवर नोंदवायची अन् मशीननं तीच परत करायची. त्या वाटेनं प्रोग्राम कामगाराच्या हातातूनच निघाला असता. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या पुस्तकात दाखवलं की मालकांनी ही वाट सोडून दिली, कारण कामाची किल्ली कामगाराच्या हातातून काढून ऑफिसात न्यायची होती. तिथं जात नव्हती, पण डाव तोच. एकानं डोकं चालवायचं, दुसऱ्यानं ओढायचं. आपल्याकडं त्या डावाले मनू आयताच भेटला.

आता मेळघाटात या. सागाचे ओंडके ट्रकनं परतवाड्याच्या डेपोत लिलावाले जातात. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपज ठरला, गावाले त्यावर हक्क मागता येतो. सागाचं लाकूड मात्र त्यातून वगळलं. कोरकू भावाच्या रानात उभा असलेला साग त्याचा नाही. लाकूडच हाती नाही, तर हाताची खराद बरी की काँप्युटरची, हा वाद कोणाच्या पोटासाठी?

आमचं म्हणणं साधं आहे. रानातल्या लाकडात रानातल्या माणसाचा वाटा पाहिजे. मशीन पाहिजेच, पण ते धारणीत पाहिजे अन् राबणाऱ्यांच्या सामाईक मालकीचं पाहिजे. आमच्या पोरापोरींनी नुसतं बटन दाबायले नाही, प्रोग्राम लिहायले शिकलं पाहिजे.

तोवर लाकूड बोलतं की मुकं आहे, हे आम्हाले सांगू नका. आम्ही बोलून राह्यलो, ते ऐका.