उपनगरातील हौशी छायाचित्रकाराचे शिक्षण

रविवारी उजाडण्याच्या सुमारास बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी जी माणसे जमतात, त्यांत दोन वर्ग सहज ओळखू येतात. पहिला चालायला आणि धावायला आलेल्यांचा. तो मोठा. दुसरा वर्ग अगदी लहान. पाठीवर पिशवी, पायांत चिखलाने माखलेले बूट, आणि चालण्याची घाई मुळीच नाही. फाटकापासून शे-दोनशे पावलांवर घाणेरीचे एखादे झुडूप दिसले, की ही मंडळी तेथेच उकिडवी बसतात आणि अर्धा-पाऊण तास उठत नाहीत. यांत बँकेतील कारकून असतात, शाळामास्तर असतात, शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी असतात. आठवडाभर अंधेरी किंवा घाटकोपरच्या फलाटावर गर्दीत रेटा देणारी ही माणसे एका सुरवंटासाठी श्वास रोखून बसतात, हे पाहून येणारे-जाणारे हसतात. घरीही त्यांच्या या छंदाची संभावना बहुधा ‘नसते उद्योग’ अशीच होते.

या नसत्या उद्योगाकडे जरा गांभीर्याने पाहावे, असे त्यात पुष्कळ आहे. ज्याला कोणी शिकवत नाही, ज्याची परीक्षा कोणी घेत नाही आणि ज्यापासून एक पैसाही मिळत नाही, असे शिक्षण आपल्या मध्यमवर्गात दुर्मीळ झाले आहे. मुलांना कशाचाही ‘क्लास’ लावल्याशिवाय चैन न पडणाऱ्या समाजात प्रौढ माणसे आपण होऊन, चुकत-माकत काही शिकत आहेत, ही लहान गोष्ट नव्हे.

पूर्वी या शिक्षणाला पैशाचा लगाम होता. बडोद्यात तयार होणारा ‘आग्फा क्लिक-३’ हा कॅमेरा साठ-सत्तरच्या दशकांत अनेक मराठी घरांत आलेला पहिला कॅमेरा. त्याच्या एका रोलवर १२ छायाचित्रे निघत. पुढे ३५ मिलिमीटरचा रोल आला, त्यावर ३६. रोलचे पैसे, धुण्याचे पैसे, छापण्याचे पैसे. शिवाय आयातीवरील निर्बंधांमुळे चांगला परदेशी कॅमेरा म्हणजे कोणा नातेवाइकाच्या सामानातून येणारी वस्तू. परिणामी गणपतीत घातलेला रोल दिवाळीत संपे, आणि आपली चूक काय झाली हे कळेपर्यंत ती कोणत्या प्रकाशात, कशामुळे झाली याचे स्मरणही उरत नसे. आज एक जास्तीचे छायाचित्र काढण्याचा खर्च शून्य आहे. अर्थशास्त्रात ज्याला सीमांत खर्च म्हणतात, तो येथे जवळजवळ नाहीसाच झाला. मग शिकणे तितकेच सोपे व्हायला हवे होते. तसे झालेले दिसत नाही. जे फुकट मिळते त्याचा उपभोग वाढतो. त्याकडे लक्ष मात्र तितके दिले जात नाही. एका लग्नात काढलेली आठशे छायाचित्रे पुन्हा उघडूनही न पाहणारी कुटुंबे आज घरोघर आहेत. रोलची टंचाई गेली आणि वेळेची टंचाई राहिली. उपनगरातून रोज जाऊन-येऊन तीन तास गाडीत घालवणाऱ्या माणसाला तीच खरी टंचाई आहे. म्हणून जो खरोखर शिकतो, तो आपल्यावर स्वतःच काही बंधन घालून घेतो, असे आढळते: आज एकच माणूस, आज एकच झाड, आज एकच किडा.

त्याची पहिली शाळा घरातच भरते. कारण सरळ आहे. रात्री आठला घरी पोहोचणाऱ्याला दुसरे कोण मिळणार? पण घरची माणसे ही कठीण परीक्षा आहे. व्यावसायिकापुढे बसणारे गिऱ्हाईक हसण्याचे कष्ट घेते. आजी घेत नाही. ‘हे काय चालवलंयस, आधी जेवून घे’ हे तिचे पहिले वाक्य असते, आणि तेवढ्यात खिडकीतला प्रकाश निघून जातो. चारशे चौरस फुटांच्या घरात प्रकाश येतो तो एखाद्या खिडकीतून, तोही गजांमधून. कणीक मळणाऱ्या आईच्या अर्ध्या चेहऱ्यावर तो पडतो आणि उरलेला अर्धा अंधारात बुडतो. तेथे पांढरी चादर दोरीवर टाकली, तर सावली उजळते, ही युक्ती पुस्तकात असतेच. पण ती पटते ती त्या स्वयंपाकघरात. शिवाय घरचा चेहरा रोजचाच असतो. नव्या प्रदेशाचे, नव्या वेशाचे कौतुक त्याला वाचवू शकत नाही. चित्र फसले, तर ते पाहणाऱ्याचेच फसले. फ्रान्सचा झाक आंरी लार्तीग हा लहानपणापासून आपले भाऊ, चुलत भावंडे, त्यांच्या उड्या आणि पडणे टिपत राहिला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने १९६३ मध्ये त्याचे प्रदर्शन भरवले, तेव्हा तो सत्तरीच्या उंबरठ्यावर होता. तोवर जगाच्या लेखी तो एक हौशी चित्रकारच होता. (जाता जाता एक गोष्ट. जुन्या अल्बमांत कॅमेरा हाती असलेला माणूस कोठेच दिसत नाही, आणि बाईमाणूस दिसते ते बहुधा पंक्तीत वाढताना. घरच्या छायाचित्रकाराने या दोन उणिवा तरी भरून काढायला हरकत नाही.)

आपल्याकडे याहून बोलके उदाहरण आहे, आणि ते याच शहरातले आहे. १९१२ मध्ये लंडनहून चलच्चित्राचा कॅमेरा घेऊन परतलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी प्रथम कोणते चित्र घेतले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. देवदेवतांची कथा त्यांनी लगेच हाती घेतली नाही. एका कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा रोवला, आणि महिनाभराहून अधिक काळ ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत बी रुजण्यापासून वेल चढण्यापर्यंतचा प्रवास नोंदवला. ‘अंकुराची वाढ’ हा तो लघुपट. तो पाहून ज्यांना विश्वास वाटला, त्यांनी कर्ज दिले, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाई शिकल्या. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. फाळके अर्थात हौशी नव्हते. छापखाना आणि छायाचित्रण हे त्यांचे पोटाचे उद्योग होते. तथापि नवे यंत्र हाती आल्यावर त्यांनी धडे गिरवले ते घरच्या माणसांच्या मदतीने आणि एका कुंडीपुढे. भारतीय चित्रपटाचा पाया घालणाऱ्यालाही सामग्री लागली ती एवढीच.

ती कुंडी आजही उपनगरात जवळजवळ प्रत्येक गॅलरीत आहे. मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावरील कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर एखाद्या सकाळी मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळा ठिपका दिसतो. ते फुलपाखराचे अंडे. त्यातून निघालेली अळी आरंभी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, आणि त्यामुळेच वाचते. पुढे ती हिरवीगार होते, कोशात जाते, आणि तीन-चार आठवड्यांत लिंबावरचे फुलपाखरू किंवा त्याचे काळे भावंड कुंडीच्या काठावर पंख वाळवत बसते. पानफुटीच्या जाड पानांच्या आत दुसऱ्याच एका जातीची अळी वाढते. या सगळ्याचे चित्रण करायला कोठे जावे लागत नाही. रोज सकाळी कामावर निघण्यापूर्वी दहा मिनिटे काढावी लागतात, आणि घरच्यांना कढीपत्ता बाजारातून आणण्यास राजी करावे लागते. हे दुसरे अधिक अवघड.

सूक्ष्म वस्तूंच्या छायाचित्रणात, ज्याला ‘मॅक्रो’ म्हणतात, वस्तूची प्रतिमा कॅमेऱ्याच्या आत तिच्या मूळ आकाराएवढी पडते. इतक्या जवळ गेल्यावर स्पष्ट दिसणारी पट्टी जेमतेम मिलिमीटरभर उरते. माशीचा डोळा स्पष्ट आला, तर तिची पाठ धुक्यात जाते. लेन्सचे छिद्र लहान करावे, तर पट्टी थोडी वाढते, पण प्रकाश कमी पडतो. फ्लॅश लावावा, तर किड्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग उमटतो, म्हणून त्यापुढे बटर पेपर धरावा लागतो. वारा आला, की सगळे मुसळ केरात. म्हणून ही मंडळी भल्या पहाटे निघतात: त्या वेळी हवा स्थिर असते, आणि गारव्याने किडे सुस्त असतात. फोकसचे कडे फिरवण्याऐवजी स्वतःचेच अंग केसभर पुढे-मागे डोलवत, नेमक्या क्षणी कळ दाबायची, हे कसब हातात बसायला वर्ष-दोन वर्षे लागतात. आणि त्या वर्ष-दोन वर्षांत नकळत दुसरेही शिक्षण होते: कोणता कोळी जाळे विणत नाही, कोणती मुंगी मुंगी नसून मुंगीचे सोंग घेतलेला कोळीच आहे, रुईच्या पानामागे कोण अंडी घालते. छायाचित्र काढता काढता माणूस पाहायला शिकतो.

बाजाराला या शिक्षणाची चाहूल लागली नसती, तरच नवल. ‘तुमची चित्रे चांगली येत नाहीत, कारण तुमची लेन्स जुनी आहे’ हा उपदेश हप्त्यांच्या सोयीसह मिळतो. थॉर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ मध्ये ज्या प्रदर्शनी उपभोगाचे वर्णन केले, त्याचे दर्शन आता राष्ट्रीय उद्यानाच्या पायवाटेवरही घडते. गळ्यात दोन महिन्यांच्या पगाराची लेन्स, आणि तिच्यापुढून फुलपाखरू उडून गेल्याचा पत्ता नाही. वास्तविक जुनी ५० मिलिमीटरची लेन्स एका स्वस्त कड्याच्या साह्याने उलटी बसवली, तरी किड्याच्या डोळ्यातील खण मोजता येतात. कर्ज काढून छंद करू नये, एवढे शहाणपण मध्यमवर्गाकडे पूर्वी होते.

दुसरा दोष याहून वाईट. पारितोषिकाच्या हव्यासाने काही जण किड्यांना शीतपेटीत गारठवून फुलावर मांडतात, घरट्याभोवतीच्या फांद्या छाटून पिले उघडी पाडतात. अशा चित्रांना स्पर्धेत स्थान असू नये, आणि घरट्यांची छायाचित्रे तर हौशी माणसाने घेऊच नयेत. पिलू मेले, तर त्या चित्राचे मोल काय?

या छंदाचा लाभ करणाऱ्यापुरताच राहत नाही. मुंबईला हौशी अभ्यासकांची परंपरा जुनी आहे. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते, आणि दोघांचाही पेशा वैद्यकीचा होता. २०१० मध्ये झीशान मिर्झा आणि राजेश सानप या तरुण अभ्यासकांनी आरे दुग्ध वसाहतीतून विंचवाची नवी जात जगापुढे आणली. तिच्या शास्त्रीय नावातच आरे आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या परिसरातील उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचे नाव देण्यात आले. हे काम केवळ छायाचित्रणाचे नव्हे, त्याला शास्त्राची शिस्त लागते. तरी तारीख आणि ठिकाण नोंदलेले कारकुनाचे चित्रही कोणत्या महिन्यात कोठे काय आढळते याचा पुरावा असते, आणि तो पुरावा समाजाला फुकट मिळतो. आरेमधील वारली वस्तीच्या बोळातून जाणाऱ्या बिबट्याचे नयन खानोलकर यांचे चित्र २०१६ मध्ये लंडनच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत नागरी विभागात पहिले आले, तेव्हा मुंबईच्या मध्यावर जंगल आहे हे अनेक मुंबईकरांनाही प्रथमच जाणवले असेल.

मात्र जेथे हे शिक्षण चालते ती जमीन आक्रसत आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे दोन-तीन दिवसांत तोडली गेली. सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली, तोवर काम उरकले होते. त्यावर निदान आवाज उठला. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथे जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास होताना जी माती जाते, तिच्यासाठी कोणी बोलत नाही. तळमजल्यामागची अळूची खाचर, कुंपणावरची वेल, कोपऱ्यातले लिंबाचे झाड ही सारी जाऊन तेथे वाहनतळाच्या छतावर हिरवळ अंथरली जाते. तिच्यावर महिन्याला औषध फवारतात, आणि तेथे मुंगीसुद्धा सापडत नाही. लोकांना घरे मोठी हवीत, यात गैर काही नाही. पण हिरवा रंग आणि जिवंत जमीन यांतला फरक आराखडा करणाऱ्यांना माहीत असू नये, हे पटत नाही.

फार काही लागत नाही, हे ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर एका शिक्षकाने दाखवून दिले आहे. राजेंद्र ओवळेकर यांनी सुमारे दोन एकर वडिलोपार्जित जमिनीवर फुलपाखरे ज्यांवर अंडी घालतात ती झाडे लावली आणि कीटकनाशके दूर ठेवली. तेथे शंभराहून अधिक जातींची फुलपाखरे आढळली आहेत, आणि रविवारी उपनगरांतील कॅमेरे तिकडे वळतात. महापालिकेच्या प्रत्येक उद्यानाला दोन एकर कोठून मिळणार? पण एक कोपरा मिळेल. तेथे रुई, पानफुटी, कढीपत्ता, लिंबू लावावे, फरशी घालू नये, फवारा मारू नये, आणि पावसाळ्यानंतरचे गवत दिवाळी होईपर्यंत कापू नये. माळ्याला एवढे सांगण्यास निविदा काढावी लागत नाही.