ग्रीन करी ते गुरगुट्या भात

आमच्या ग्रुपचा फंडा एकदम साधा आहे. महिन्याचा पहिला शनिवार, पाचांपैकी कोणा एकाचा फ्लॅट आणि प्रत्येकानं स्वतःच्या हातानं केलेला एक पदार्थ. नियम तीनच. ऑर्डर करायचं नाही. आईनं पाठवलेला डबा 'मी केलंय' म्हणून खपवायचा नाही. आणि पदार्थ बिघडला तरी घेऊन यायचं, घरी लपवायचा नाही.

तिसरा नियम सगळ्यात भारी आहे, कारण त्यावरच आमचे अर्धे किस्से उभे आहेत. आमच्या जळगावकरणीनं एकदा भरताचं वांगं मायक्रोवेव्हमध्ये भाजायला ठेवलं. खास गावाहून आणलेलं, पांढरट हिरवं, किलोभराचं वांगं. गावाकडे ते कपाशीच्या काड्यांवर भाजतात. इथे चौथ्या मजल्यावर काड्या पेटवल्या तर सोसायटीची नोटीस! म्हणून हा शॉर्टकट. फक्त वांग्याला टोचे मारायचे राहिले. आतली वाफ जाणार कुठे? फाट्टकन आवाज झाला आणि पुढचा तासभर आम्ही पाचही जण मायक्रोवेव्हच्या छतावरचं भरीत खरवडत होतो.

सावंतवाडीची मैत्रीण सोलकढी 'जरा कोमट बरी लागेल' म्हणून गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसली. आमसुलाचा आंबटपणा आणि नारळाचं दूध यांना उकळी फुटली की काय होतं, ते आम्हाला त्या दिवशी कळलं. गुलाबी पाण्यावर तरंगणारा चोथा! नागपूरकरानं पाटवडीसाठी बेसन थेट उकळत्या पाण्यात ओतलं आणि गुठळ्यांची उसळ खाऊ घातली. आता तो आधी गार पाण्यात बेसन कालवून घेतो. कोल्हापूरकराचं काही बिघडत नाही, कारण तो सगळ्यात कांदा-लसूण मसालाच घालतो. मॅगीतसुद्धा. चवीला वावच ठेवत नाही पठ्ठ्या.

आणि अस्मादिक? मी ग्रुपचा इंटरनॅशनल शेफ. साताऱ्याचा असलो म्हणून काय झालं! थाय ग्रीन करी ही आपली सिग्नेचर डिश. लेमनग्रास म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपला गवती चहा, फक्त चहात पाती घालतो आणि करीत बुडखा ठेचून घालायचा, हे ज्ञान मी ग्रुपला किमान सहा वेळा दिलंय. पास्ता, रिसोटो, हमस सगळं येतं. वरण-भात, पोळी-भाजी हे माझ्या लेखी 'रोजचं' होतं. ते काय, कोणालाही येतं.

गेल्या पावसाळ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन पुण्यात, त्यामुळे डिस्चार्जनंतर ती माझ्याकडेच राहणार होती. बाबा शनिवार-रविवार येऊन-जाऊन. मी वर्क फ्रॉम होम घेतलं, स्वयंपाकाच्या मावशींना 'सध्या नको' म्हणून सांगितलं आणि मनातल्या मनात मेन्यू ठरवला. आयुष्यभर तिनं आपल्याला खाऊ घातलं, आता बघ म्हणावं लेकाच्या हातची जादू!

पहिल्या दिवशी ग्रीन करी. आईनं दोन चमचे खाल्ले आणि म्हणाली, "छान झालंय रे." दुसऱ्या दिवशी भाज्या घातलेला पास्ता. "छान झालंय," पुन्हा तेच. ताट तसंच. औषधांनी तिच्या तोंडाची चव गेली होती, आणि गोळ्या तर रिकाम्या पोटी घ्यायच्या नव्हत्या. रात्री ती दोन बिस्किटं खाऊन गोळी घ्यायची. ती खात नाहीये आणि मला काही सुचत नाहीये, हे दोन दिवस मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. उलट थोडा रागच आला. एवढं करतोय, तर खायला काय होतं?

तिसऱ्या दिवशी दुपारी वॉकर धरून ती हळूहळू किचनच्या दारापर्यंत आली. "एक सांगू का? थोडा गुरगुट्या भात टाकशील? मेतकूट आहे माझ्या पिशवीत."

हात्तिच्या, एवढंच? मी हसलोच. घरात बासमती होता. एकाला दोन पाणी, तीन शिट्ट्या. झाकण उघडलं तर प्रत्येक शीत वेगळं, ताठ उभं. बिर्याणीसाठी झकास. म्हणून वरून गार पाणी ओतलं आणि पुन्हा गॅसवर ठेवलं. आता भात एकीकडे, पाणी दुसरीकडे, लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजाऱ्यांसारखे! आईनं तोही खाल्ला. चार घास. काही बोलली नाही. 'छान झालंय'सुद्धा नाही.

त्या रात्री मी ताटाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, 'गुरगुट्या भात येत नाही. हेल्प.' वाटलं, आता धुलाई होणार. पण कोणीच खेचली नाही. दहा मिनिटांत व्हॉइस नोट्सची रांग लागली.

जळगावकरीण म्हणाली, "आधी तो बासमती बाजूला ठेव. त्याचं कौतुकच मुळी शितं सुटी राहतात म्हणून, आणि तुला नेमकं उलटं हवंय." सावंतवाडी म्हणाली, "आमच्याकडे आजारी माणसाला उकड्या तांदळाची पेज. पण काकूंना सवय नसेल, तर तुझ्या गावचंच कर." कोल्हापूरकरानं "भावा, आजऱ्याचा घनसाळ मिळाला तर बघ," अशी सुरुवात करून पाच मिनिटं घनसाळाचा वासच वर्णन केला. मसाल्याचं नाव काढलं नाही, हे विशेष. आणि नागपूरकर, जो एरवी सगळ्यात जास्त टवाळ, त्याची नोट सगळ्यात लांब होती. त्याचे वडील आजारी असताना वर्षभर तो रोज मऊ भात करत होता. आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं. "गार पाणी अजिबात टाकू नको," तो म्हणाला, "उकळतं टाक. अन् गरम आहे तोवरच पळीनं घोट, निवल्यावर घोटून काही होत नाही. मी आठवडाभर चुकलो होतो बे, म्हणून सांगतो."

सकाळी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून इंद्रायणी आणला. मावळातला हा चिकटसर, वासाचा तांदूळ मी कायम 'साधा' म्हणून बाजूला सारला होता. तो आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत आला, हे मागाहून वाचलं. म्हणजे हा माझ्या रिसोटोच्या तांदळाचा मावळातला भाऊच की! तिथे तासभर ढवळायला माझी हरकत नव्हती.

एकाला पाच पाणी. भात जमला. आईनं मेतकूट कालवलं, वर तुपाची धार, कडेला लिंबाचं लोणचं. सगळा संपवला आणि ताट पुढे केलं, "अजून आहे?"

मग तिला सगळ्या व्हॉइस नोट्स ऐकवल्या. ती हसत हसत ऐकत होती. नागपूरकराच्या नोटेला मात्र गप्प झाली. म्हणाली, "तोही पोर स्वतःचं स्वतः शिकला म्हणायचा." मी म्हटलं, "तुला बरं सगळं आधीपासून येतं. अंदाजच पक्का तुझा."

"अंदाज?" ती म्हणाली. "लग्न झालं तेव्हा मला चहा सोडून काही येत नव्हतं. पहिला महिना तुझ्या बाबांनी करपलेला भात खाल्लाय. आणि हा गुरगुट्या मी तुझ्यासाठी शिकले. तू सहा महिन्यांचा होतास. पहिल्या दिवशी नीट घोटला नव्हता, तर शीत घशात अडकलं तुझ्या. तू खोकलास आणि मी रडले."

पुढे तिला साताऱ्याला सोडायला गेलो, तेव्हा तिनं कपाटातून 'रुचिरा' काढून दाखवलं. कमलाबाई ओगल्यांचं, १९७० मध्ये पहिल्यांदा आलेलं पुस्तक. मापं सगळी वाटी-चमच्याची, वजनकाटा नको की काही नको. पण मी बघत बसलो समासातलं आईचं पेन्सिलीचं अक्षर. 'मीठ फार.' 'पाणी अर्धी वाटी कमी.' 'पाहुण्यांसमोर करू नये.' एका पानावर नुसतंच 'परत नाही!' पुस्तकातली कृती छापलेली होती, आईचा अंदाज मात्र त्या समासात होता. इतकी वर्षं आपण तिला फोन करून 'किती घालू?' विचारतो आणि 'अंदाजे' असं उत्तर आलं की वैतागतो. तिला सांगता येत नाही, कारण तेवढ्या चुका फोनवर कशा सांगणार?

म्हणून आमच्या शनिवारला आता चौथा नियम आलाय. रेसिपी शेअर करताना पहिल्यांदा काय बिघडलं होतं, तेही सांगायचं. यंदा पहिल्यांदाच आम्ही एक वही केली. कोल्हापूरकरानं पहिल्या पानावर लिहिलंय, 'मसाला कमी. (प्रयत्न चालू.)'

तुमच्या ग्रुपमध्येही असा एखादा टवाळ असेल, जो घरी गुपचूप कोणासाठी तरी मऊ भात करत असेल. त्याला एकदा विचारा तरी.

या आठवड्याचा प्रयोग: गुरगुट्या भात (दोघांसाठी)

१ वाटी इंद्रायणी किंवा आंबेमोहोर तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा. निथळून त्यात ५ वाट्या पाणी आणि चवीपुरतं मीठ घाला. कुकरमध्ये भांडं ठेवून ३ शिट्ट्या काढा, मग मंद आचेवर १० मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. गरम असतानाच पळीच्या पाठीनं घोटा. घट्ट वाटला तर उकळतं पाणी घाला. वर १-२ चमचे मेतकूट, साजूक तूप.

पहिल्यांदा काय बिघडलं: तांदूळ चुकला, पाणी गार घातलं. दुसऱ्यांदा भांडं काठोकाठ भरलं आणि अर्धी पेज कुकरमध्ये उतू गेली. भांडं अर्धंच भरा.