क्रीडाकक्षातील झाडू

निवासी शाळेतील क्रीडाकक्ष कोणी झाडावा, हा प्रश्न आम्ही किरकोळ मानीत नाही. ज्या समाजावर झाडू जन्माने लादला गेला, त्याच्या लेकरांच्या हाती तो शिक्षा म्हणून देणे आम्हास मान्य नाही. उशिरा आलेल्या मुलास ‘जा, खोली झाड’ असे फर्मावले की श्रम आणि अपमान यांची जुनी गाठ पुन्हा पक्की होते. तथापि मुलांना झाडूपासून दूर ठेवणे हाही उपाय नव्हे. मग तो कामावरच्या मावशींच्या वाट्यास जातो, इतकेच.

विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंनी आपला विहार स्वतः झाडण्याची रीत दिली आहे. आधी सामान बाहेर काढावे, जळमटे छतापासून काढीत यावे, अंथरूण उलट वाऱ्यावर झटकू नये. भिक्खूचे कूळ तेथे विचारलेले नाही.

क्रीडाकक्षासही हाच क्रम लावावा. कॅरमच्या एकोणीस सोंगट्या मोजून डबीत, उड्यांच्या दोऱ्या खुंटीला, फुटका चेंडू बाहेर. पाळीचा तक्ता दारावर असावा आणि त्यात मुले, मुली व शिक्षक या सर्वांची नावे असावीत. मुख्याध्यापकांची पाळी मात्र सोमवारी ठेवावी. रविवारच्या खेळानंतर कचरा त्याच दिवशी सर्वाधिक निघतो.